पावाच्या गाडीतून कणकुंबीला

निपाणीहून निघायला आम्हाला दहा वाजले. पहाटे निघायचं ठरलं होतं, पण गल्लीतला प्रत्येक जण गाडीत डोकावल्याशिवाय वाट सोडेना. शेजारची एक म्हातारी आत चढून पलंगावर बसली, उशी चाचपली आणि म्हणाली, "घर असताना माणसानं गाडीत कशाला झोपायचं गं बाई?" 

हे वेड माझ्या नवऱ्याचं, विलासचं. सत्तरच्या दशकात गोव्याला निघालेले लांब केसांचे गोरे लोक आमच्या हमरस्त्यावरून जायचे. त्यांतली एक गाडी एकदा डिझेलसाठी निपाणीत थांबली होती. तिला फुलाफुलांचे पडदे होते. आत पलंग, शेगडी, हात धुवायचं भांडं. विलास तेव्हा तांत्रिक शाळेत वेल्डिंग शिकवायला नुकताच लागला होता. तो त्या गाडीभोवती दोन-तीन फेऱ्या मारून आला आणि पुढची कित्येक वर्षं जेवताना ताटात बोटानं तिचा नकाशा काढत राहिला. शेवटी ऐंशीनंतर कधीतरी बेळगावच्या एका बेकरीवाल्यानं पाव पोचवायची आपली जुनी, बंद पेटीची मेटाडोर काढून टाकली आणि ती आमच्या दारात आली. विलासनं तिला खिडक्या पाडल्या, दोन पलंग बसवले, स्टोव्हला ओटा केला आणि मागच्या भिंतीला पाण्याची भलीमोठी टाकी जोडली. रंग नवा दिला, पण आत शिरलं की खमिराचा आंबूस वास यायचाच.

टाकीचा त्याला फार अभिमान होता. "चौघं-पाच जणांना पुरून उरंल," तो म्हणायचा, "कुणाकडं मागायची पाळी न्हाय." प्रवासात तो कधीच कुणाकडे पाणी मागत नसे. एस.टी.नं जातानाही घरून भरलेली कॅन बरोबर असे. मला तो स्वभाव वाटे.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही पाच जण निघालो. विलास, मी, सहावीतली सुजाता, तिच्याहून लहान मिलिंद आणि माझ्या सासूबाई. त्यांना मी आत्ती म्हणते. आत्तींचं सारं आयुष्य निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत गेलं. तंबाखू चाळून चाळून त्यांच्या बोटांच्या चिरा कायमच्या तपकिरी झाल्या होत्या. मुलाला शिकवलं, नोकरीला लावलं, पण कोल्हापूरपलीकडं त्या स्वतः कुठं गेल्या नव्हत्या.

पहिला धडा तवंदीच्या घाटानं दिला. वळणावर कपाटातून ज्वारीच्या पिठाचा डबा बाहेर आला, वरून ओट्यावरचा स्टोव्ह निसटला आणि रॉकेल थेट पिठात सांडलं. डब्याचं झाकण बसवायला मीच विसरले होते. पडद्यांची शिलाई करण्यात महिना घालवला, पण कपाटाला एक कडी लावायचं कुणाला सुचलं नव्हतं. घाट उतरल्यावर आम्ही रस्त्याकडेला थांबून पीठ टाकून दिलं. आत्ती कडेला उभ्या राहून बघत होत्या. "पडदं लई झ्याक झाल्यात," एवढंच म्हणाल्या.

बेळगावात संध्याकाळी किल्ल्याच्या तलावाजवळ गाडी लावली. मी भात टाकला. वाफ आणि रॉकेलचा वास आत कोंडला तसे आम्ही दोन्ही दारं उघडली, आणि लगेच एक पोलीस हवालदार दारात येऊन उभा राहिला.

"एन्री इदु?" (हे काय हो?) त्यानं विचारलं.

"नम्म मने," (आमचं घर) विलास म्हणाला.

हवालदारानं आत पाहिलं. पलंगावर मांडी घालून बसलेल्या आत्ती, परातीत लसूण सोलणारी सुजाता, स्टोव्हवर भात. तो हसला आणि मराठीत म्हणाला, "मग घरच म्हणायचं की." सकाळी लवकर जागा मोकळी करा, असं सांगून तो निघून गेला.

मुलांसाठी कुंदा (खव्याची तपकिरी मिठाई) आणला होता. मिलिंदनं तो एकट्यानंच निम्मा संपवला. रात्री मुंग्या आल्या. बेकरीच्या जुन्या साखरेवर त्या किती वर्षं जगत होत्या कोण जाणे, कुंद्याच्या वासानं सगळ्या फटींतून बाहेर आल्या. आम्हाला झोप अशी लागलीच नाही.

दुसऱ्या दिवशी जांबोटीची वाट धरली. बेळगावची गजबज संपली, मग माळ संपले आणि झाडी सुरू झाली. माती लाल झाली. उन्हाचा कवडसा रस्त्यावर पडला तर पडायचा. भात कापून झालं होतं आणि शेताशेतात उडव्या (भाताच्या गंज्या) रचलेल्या दिसत होत्या. मलप्रभा जिथं उगम पावते ते कणकुंबी बघायचं, एवढाच आमचा बेत होता. पण जांबोटी मागं पडली आणि मिलिंदला उलट्या सुरू झाल्या. आधी आम्ही कुंद्याला नि वळणांना दोष दिला. मग जुलाबही सुरू झाले. तीन-चार वेळा थांबावं लागलं.

दिवस कलायला आला होता. पुढं कौलारू घरांची एक लहान वस्ती दिसत होती. विलासनं गाडी वस्तीपर्यंत नेली नाही. "हितंच झाडाखाली लावू, निवांत हाय," म्हणत त्यानं ती रस्त्यावरून शेताकडेच्या सपाट दिसणाऱ्या जागेवर घातली. ती जागा सपाट होती, पण भक्कम नव्हती. आठवड्यापूर्वी अवकाळी पाऊस झाला होता. मागचं चाक एकदम खाली गेलं, गाडी एका अंगाला कलली आणि टाकी खिळ्यांसकट उखडून पलंगावर आली. तोटी मोडली. बघता बघता सगळं पाणी गाद्यांत मुरलं.

मिलिंद पाणी मागत होता. जवळच्या ओढ्यात म्हशी बसल्या होत्या, ते पाणी आजारी मुलाला देण्यासारखं नव्हतं. मी विलासला म्हटलं, "अहो, वस्तीवर जाऊन तांब्याभर आणा."

तो चाकाशी वाकला होता. "गाडी निघंल आत्ता," म्हणाला. हातानं चिखल उपसत राहिला. मी पुन्हा सांगितलं. त्यानं वर पाहिलं नाही.

आत्ती गाडीतून उतरल्या. कळशी काखेला मारली आणि मला म्हणाल्या, "चल गं."

पहिल्याच घरापुढं खळं होतं. एक पन्नाशीचा माणूस भाताच्या पेंढ्या झोडपत होता, त्याची बायको सुपानं वारवत होती. ओट्यावर एक फार म्हातारी बाई बसली होती. आम्हाला बघून तो माणूस थांबला.

"कुठलं पावनं?"

"निपाणीचं," आत्ती म्हणाल्या. "गाडी रुतलीया. नातू आजारी हाय, पाणी पायजे."

"कुणापैकी?"

हा प्रश्न आमच्या भागात वाईट हेतूनंच विचारतात असं नाही. सोयरीक, ओळखपाळख सगळं त्यातूनच सुरू होतं. पण आम्हाला त्याचं उत्तर देताना एक क्षण थांबावं लागतं. मी थांबले. आत्ती थांबल्या नाहीत.

"बौद्ध. आदी लोक म्हार म्हणायचं," त्या म्हणाल्या. "द्याचं आसंल तर द्या, न्हायतर फुडच्या घरला जातो. पोराला येळ न्हाय."

सूप हलायचं थांबलं. त्या माणसानं ओट्यावरच्या म्हातारीकडं पाहिलं. म्हातारीनं तोंड दुसरीकडं फिरवलं. मग त्याची बायको उठली, आत गेली आणि घागर घेऊन आली. आत्तींनी कळशी खाली ठेवली. तिनं वरून पाणी ओतलं, भांड्याला भांडं लागू न देता, पण काठोकाठ भरेपर्यंत.

"उलट्या व्हत्यात काय?" तिनं मला विचारलं. मी हो म्हटलं. "मग नुसतं पाणी नको. पेज देतो मीठ घालून."

आम्ही मिलिंदला उचलून त्यांच्या अंगणात आणलं. तिनं पेज केली, लिंबू पिळलं. मी चमच्याचमच्यानं पाजत राहिले आणि ती पोटात टिकली. आमच्यासाठी तिनं भात नि कुळथाची आमटी पत्रावळीवर वाढली, अंगणाच्या कडेला, पेरूच्या झाडाखाली. वाढताना हळूच म्हणाली, "आत बोलवत न्हाय, आक्का. सासू हाय, जुनी माणूस."

विलास तोवर येऊन उभा राहिला होता. त्यानं ते ऐकलं. तो पत्रावळीवर बसेना.

"बस," आत्ती म्हणाल्या.

"मला भूक न्हाय."

"भूक हाय. दिवसभर काय खाल्लंस?" आत्तींनी भात कालवला. "तिनं पेज दिली ती मनापासनं दिली. आन् अंगणात बसवलं, ते बी तिनंच. एक खरं म्हणून दुसरं खोटं व्हत न्हाय रं. दोन्ही ध्यानात ठेव आन् जेव."

तो बसला. जेवला की नाही ते मला आठवत नाही, मी मुलाकडं बघत होते.

रात्र आम्ही ओल्या गाद्या बाहेर टाकून कललेल्या गाडीतच काढली. सकाळी तो माणूस बैलजोडी घेऊन आला. चाकाखाली दगड आणि पिंजार (भाताचा पेंढा) घातलं. बैल पुढून ओढत होते आणि मागून तो नि विलास खांद्याला खांदा लावून रेटत होते. गाडी बाहेर निघाली तेव्हा दोघंही गुडघ्यापर्यंत चिखलात होते आणि एकमेकांकडं बघून हसत होते.

त्याची बायको मिलिंदसाठी दूध घेऊन आली होती. दाराशी उभी राहून ती पडदे, ओटा, पलंग सगळं न्याहाळत होती.

"ये की आत," आत्ती म्हणाल्या.

ती थबकली. मागं वळून तिनं घराकडं पाहिलं. ओट्यावर म्हातारी बसलेली होती आणि तिची नजर सरळ आमच्यावर होती. मी स्टोव्ह पेटवला. मला वाटलं, ती काहीतरी कारण सांगून जाईल. तिनं चपला काढल्या आणि पायरीवर पाय ठेवला.

आत येऊन ती पलंगाच्या कडेला बसली. मी आमच्याच कपात चहा दिला. "ह्यात सैपाक बी व्हतो व्हय?" असं काहीबाही विचारत तिनं तो सावकाश संपवला. सुजातानं तिला पडदा सरकवून दाखवला. मग ती उठली, "येतो आक्का," म्हणून आत्तींच्या हाताला हात लावला आणि उतरली.

खिडकी उघडी होती. खळ्यावर पोचल्यावर म्हातारीनं तिला काय विचारलं ते आम्हाला स्पष्ट ऐकू आलं.

"आत जाऊन च्या पिलीस?"

"व्हय," ती म्हणाली. "ग्वाड हुता." आणि सूप घेऊन कामाला लागली.

आम्ही कणकुंबीला गेलो नाही. तिथूनच मागं फिरून खानापूर गाठलं. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मिलिंदला तपासलं, औषध दिलं आणि पेज पाजलीत ते बरं केलंत म्हणाले.

खानापूर सोडल्यावर विलासनं गाडी बेळगावच्या रस्त्याला लावली. मग कुणी न विचारता बोलायला लागला. शिकत असताना तो एकदा उन्हाळ्यात सायकलवरून एका गावातून चालला होता. एका दारात पाणी मागितलं. बाईनं तांब्या आणला, 'कुणापैकी' विचारलं आणि उत्तर ऐकून तांब्या घेऊन परत आत गेली. हे तो मला लग्नानंतर इतक्या वर्षांत बोलला नव्हता. आत्तींनाही माहीत नव्हतं, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं.

"मग तुम्ही काय केलंत, पप्पा?" सुजातानं विचारलं.

"काय करणार? सायकलवर बसलो."

"पुढच्या घरात का नाही मागितलं? आज्जीनं मागितलं असतं."

 आत्ती झोपलेल्या मिलिंदच्या कपाळावर हात ठेवून बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "एकटा हुता गं त्यो. मी एकटी नव्हतो."

निपाणीत पोचलो तेव्हा गल्ली पुन्हा गाडीभोवती जमली. काय पाहिलं, नदीचा उगम कसा आहे, सगळ्यांनी विचारलं. उगम पाहिलाच नाही म्हटल्यावर त्यांची निराशा झाली. पुढं त्या गाडीतून आम्ही पुष्कळ फिरलो, आणि कपाटांना कड्या, डब्यांना घट्ट झाकणं, मुलांना बेतानं गोड, हे सगळं हळूहळू अंगवळणी पडलं. विलासनं वस्तीपासून लांब गाडी लावायचं मात्र सोडलं. घरांच्या जवळ, रस्त्याच्या कडेला लावायचा, आणि खाली उतरून आधी स्वतः कुणाला तरी सांगून यायचा की आम्ही निपाणीचे, बौद्ध लोक, आज रात्री इथं राहणार आहोत. कुठं हो म्हणाले, कुठं कपाळाला आठ्या पडल्या. एका गावानं तर सरळ पुढं जायला सांगितलं. आम्ही पुढं गेलो, आणि त्याच्या पुढच्या गावात विलासनं पुन्हा उतरून सांगितलं.