चपलांची तोंडं रस्त्याकडे

ताई दारात आल्या की आधी कडी वाजवत नसत. आधी खाली वाकून तुमच्या चपला फिरवत. घराकडे तोंड करून पडलेल्या चपलांची तोंडं रस्त्याकडे झाली, की मग कडी वाजे.

“उद्या निघायचंय. चप्पल घालून तयार राहा.”

“अहो, आत तर या!”

“आत काय, तुम्ही रोजच बसता.” आणि ताई पुढच्या दाराशी वाकलेल्या असत.

अंबरनाथला शिवमंदिराच्या रस्त्यावर आमची बैठी चाळ होती. ताई टेलिफोन ऑफिसात नोकरीला. वयाने आमच्याच बरोबरीच्या, पण सगळ्या चाळीच्या ताई. चाळिशी ओलांडलेल्या माणसांना रविवारी घराबाहेर काढायचं, हा उद्योग त्यांना कुणी सांगितला नव्हता. विचारलं तर म्हणत, “पोरांची सहल शाळा काढते. म्हाताऱ्यांना भजनी मंडळ यात्रेला नेतं. मधल्यांनी काय, नुसतं दळण आणायचं?”

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. पण आमच्या ताईंचे नियम तुम्ही पाहिले नसतील. सहलीला मुलं आणायची नाहीत, सासू-सासरे आणायचे नाहीत, आणि डबा पुरुषाने करायचा. बायकोने साधा चमचासुद्धा हलवायचा नाही. हा नियम ऐकून निम्मे पुरुष आजारी पडले होते. ताईंनी त्यांच्या चपला फिरवल्या आणि काढा सुचवला.

गाडी होती उल्हासनगर कॅम्प चारच्या एका शेठची. त्याचा बटणांचा कारखाना. आठवडाभर बटणांची पोती वाहणारी मॅटाडोर रविवारी आम्हाला वाही. खाली सतरंजी असे, तरी बारवी धरणाला उतरताना प्रत्येकाच्या पाठीला दोन-चार बटणं चिकटलेली असतच. आमची सहल लांबूनही ओळखू येई.

जायचं कुठे ते कुणीही सुचवावं. गाडीत कोण कोणाशेजारी बसणार, ते मात्र ताईच ठरवत. नळावरून अबोला धरलेल्या दोन शेजारणींना त्यांनी एकदा चिकटून बसवलं आणि एकीच्या मांडीवर दुसरीच्या घरच्या कढीचं भांडं ठेवलं. बदलापूर येईपर्यंत दोघींना एकमेकींशी बोलावंच लागलं. नाही तर साडी गेली असती. ताईंचे यजमान मात्र कायम मागे, स्टेपनीवर. अबोल माणूस. ताईंनी मागे पाहिलं की पाण्याचा कॅन पुढे करत, एवढंच.

आता माझं सांगतो. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला माझी कंपनी बंद पडली. मी तिथे फिटर होतो. कुलूप कंपनीला लागलं, पण आत बसलो मी. ‘काय, काही जमलं का?’ हा एक प्रश्न टाळण्यासाठी मी भाजीलासुद्धा जाईनासा झालो. बायको शिवणाचे कपडे आणायला बाहेर पडायची आणि मी भिंतीवरचं घड्याळ उघडून पुन्हा जोडायचो. घड्याळ चांगलं चालणारं होतं. माझ्या हाताखाली आल्यापासून ते बिघडलं.

एका शनिवारी ताईंची फेरी यायच्या आत मी एक नामी युक्ती केली. बाहेरच्या चपला आत घेतल्या. चपला नाहीत म्हणजे माणूस बाहेर गेला. शंकेला जागा नको म्हणून कंपनीचे धूळ खात पडलेले बूटही आत घेतले आणि दाराआड श्वास रोखून उभा राहिलो.

ताई आल्या. कडी वाजली नाही. पायरीवर कुणीतरी बसल्याचा आवाज आला, मग पेपर उलगडल्याचा. आणि ताईंनी मोठ्याने पेपर वाचायला घेतला! बाजारभाव वाचले, हवामान वाचलं. राशिभविष्याला माझी रास आली तेव्हा थांबून म्हणाल्या, “भाऊ, चपलाही गेल्या आणि बूटही गेले. दोन्ही एकदम घालून माणूस जातो कुठे?”

मी दार उघडलं. दुसरं करणार काय?

“उद्या कोंडेश्वर,” ताई म्हणाल्या. “तुमच्याकडे वाल भिजलेत, मोड आलेत, मला ठाऊक आहे. बिरडं आणा.”

काम नाही, त्याबद्दल एक शब्द नाही. सांत्वन नाही. नुसतं बिरडं.

पहाटे उठून मी ते केलं. कांदा, खोबरं, आमसूल, सगळं बायको करते तसं. ती दारात बसून पाहत होती. मी वाल धुतले आणि थेट फोडणीत टाकले. तिने तोंडाला पदर लावला, पण नियम म्हणजे नियम. ती बोलली नाही.

वाल सोलायचे असतात, हे मला कोंडेश्वरला पहिल्या घासाला कळलं. सगळी पंगत चावता चावता थांबली. प्रत्येकाच्या दातात एकेक साल. माझ्या मनात आलं, चला, कंपनीने काढलं, आता सहलीतूनही काढणार.

ताईंनी शांतपणे एक दाणा उचलला, बोटांनी साल काढून पानाच्या कडेला ठेवली, दाणा खाल्ला. “चव फक्कड आहे. सोलून खायचंय, म्हणजे जास्त वेळ बसायला मिळेल.”

मग काय, पंगतच्या पंगत वाल सोलत बसली. माझ्या शेजारी ताईंनी शेठला बसवलं होतं. सोलता सोलता तो कुरकुरला, “भाऊ, माझी मशीन पण अशीच. बटन देते, पण साल के साथ.”

“साच्याची डाय घासली असेल,” मी म्हणालो. “खोलून बघावी लागेल.”

शेठने हातातला वाल खाली ठेवला. “तू फिटर है? तो इतने दिन घर में बैठ के क्या फिट कर रहा था?”

“घड्याळ,” बायको म्हणाली. पंगत एवढी हसली की मलाही हसू आलं. ते बऱ्याच दिवसांनी.

मी पलीकडे पाहिलं. ताई मान खाली घालून वाल सोलत होत्या. सोमवारी मी कॅम्प चारला गेलो. पुढे निवृत्त होईपर्यंत जात राहिलो.

ताईंना एकदा ताप होता म्हणून सहल मी ठरवली. लांब नको, शिवमंदिरालाच जाऊ, असं मीच म्हटलं. त्या रविवारी महाशिवरात्र आहे, हे माझ्या गावीही नव्हतं. मंदिराच्या रस्त्यावर राहून! जत्रेत आमचं अख्खं मंडळ विस्कटलं. जो तो दुसऱ्याच्या नावाने ओरडत फिरला. मी तोंड पाडून ताईंना सांगायला गेलो, तर पांघरुणातून हसल्या. “चांगली झाली की सहल! या वयात आपल्या नावाने कोण हाका मारतं?”

ताई अचानक गेल्या. घरी बुद्धवंदना झाली, माणसं परतली आणि सहली थांबल्या. बरेच महिने गेले. मग एक दिवस कारखान्यात शेठ म्हणाला, “भाऊ, गाडी धुवून ठेवली. बसवणार कोण?”

त्या शनिवारी मी चाळीत वाकत वाकत निघालो. कंबर दुखली, पण सांगतो, एवढ्या ऐटीत मी कंपनीच्या गेटातूनही कधी गेलो नव्हतो. शेवटचं दार ताईंचं. बाहेर चपला नव्हत्या. यजमानांच्या नव्हत्या, आणि इतके दिवस दाराबाहेरच्या फळीवर तशाच ठेवलेल्या ताईंच्याही नव्हत्या.

मी कडी वाजवली नाही. पायरीवर बसलो, पेपर उघडला आणि बाजारभावापासून सुरुवात केली.

हवामानाला दार उघडलं. यजमान उभे होते, स्वतःच्या चपला हातात घेऊन. मी त्या घेतल्या, खाली ठेवल्या, तोंडं रस्त्याकडे केली.

“उद्या निघायचंय.”

“मला फक्त भात येतो,” ते म्हणाले.

“भात चालेल. बिरडं माझं आहे. आणि स्टेपनीवर नाही, उद्या पुढे बसायचं.”

यजमान म्हणाले, “सोलून आणणार का?”

मी हो म्हणालो. ते आत गेले, आणखी एक जोड घेऊन आले, आपल्या चपलांच्या शेजारी ठेवला, आणि सावकाश वाकून त्याचीही तोंडं रस्त्याकडे केली.