कड्यावरून डोकावायची सवय

मित्रमैत्रिणींनो, स्कॉटलंडच्या गेस्टहाऊसमधून लिहितेय.

आज ऑफिसातल्या मायाबरोबर बर्फाचा डोंगर चढले. माथ्यावरून स्नोबोर्डवर खाली उतरायचं होतं. माया लंडनमध्येच वाढलेली, दर हिवाळ्यात इथे येणारी. ती बोर्ड पायांना बांधत होती.

मी कड्याकडे निघाले. सह्याद्रीत गडावर पोचलं की दरीत डोकावल्याशिवाय आपल्याला चैन पडतं का?

"ए, थांब! हलू नको!" माया किंचाळली.

"अगं, कडा अजून लांब आहे."

"तो नुसता बर्फ आहे! खाली जमीन नाही!"

मी हातातली काठी पुढे टेकवली. ती आरपार गेली. उपसून काढली, तर भोकातून खूप खाली काळे खडक दिसले. वाऱ्याने साचलेला बर्फ कड्याबाहेर सज्ज्यासारखा लोंबतो, हे मला ठाऊकच नव्हतं.

माझ्याच पावलांच्या ठशांवरून मी मागे आले. उतरताना एकही वळण घ्यायचा धीर झाला नाही. बोर्ड आडवा धरून अख्खा उतार घसरत आले.

"मी तुझ्या आईला काय सांगणार होते, यार?" खाली पोचल्यावर माया रडायलाच लागली.

संध्याकाळी आईला फोन केला. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. ती म्हणाली, "जप हं. पण शिकलेली आहेस, तुला सगळं कळतं."

मी "हो" म्हटलं. तुम्ही तिला खरं सांगितलं असतंत?