रमाकांत चुरींचा निरंक रकाना

सिल्वासाच्या एका सरकारी कचेरीत रमाकांत चुरी हेडक्लार्क होते. डहाणूहून बदलून आल्यापासून त्यांनी फॉर्मातला एकही रकाना रिकामा सोडला नव्हता. रिकामा रकाना म्हणजे परत येणारी फाईल. त्यामुळे लिहिण्यासारखं नसेल किंवा लिहायचा कंटाळा असेल, तेव्हा ते 'निरंक' लिहून सही ठोकत. एकदा वादळात कचेरीचेच पत्रे उडाले, तर नुकसानीच्या तक्त्यातही त्यांनी उघड्या आभाळाखाली बसून 'निरंक' लिहिलं. तक्ता परत आला नाही.

एकोणनव्वद साली मुंबईत त्यांच्या हृदयाची झडप बदलली. नव्या झडपेत गुठळी अडकू नये म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर मागे लागली. ती मात्र ते वेळेवर घेत; इतरांनी कचेरीत यावं तितक्या वेळेवर.

ब्याण्णवमध्ये दाढ ठणकू लागली. नाशिकहून आलेल्या डॉक्टर अपर्णा देवरेनं नुकताच दातांचा दवाखाना थाटला होता. तिनं फॉर्म पुढे केला. मोठे आजार : निरंक. चालू औषधं : निरंक. सही, तारीख.

तिनं भुलीची सुई भरली. चुरींनी खुर्चीच्या दांड्यावर हात ठेवला, तर कोपरापासून मनगटापर्यंत काळंनिळं.

"काका, हे काय?"

"बसमध्ये दांडा लागला. जरासा."

"जराशानं एवढं? कुठली गोळी घेता का?"

"दातांची नाही. हृदयाची आहे."

बाहेरच्या बाकावरून त्यांच्या पत्नी विजयाबाई कडाडल्या, "अहो, रक्त पातळ करायची म्हणून सांगा की! दाढी करताना कापलं तर पाऊण तास तुरटी धरून बसता!"

सुई ट्रेमध्ये परत गेली. "काका, आत्ता दाढ काढली असती, तर रक्त थांबवताना माझ्या तोंडाला फेस आला असता. आणि तुम्ही..." तिनं वाक्य सोडून दिलं. चुरींनी ते मनात पूर्ण केलं.

"मग उद्यापासून गोळी बंद करतो."

"मुळीच नाही! बंद केली तर झडप अडकेल."

"घेतली तरी मेलो, नाही घेतली तरी मेलो. अगदी आमच्या खात्यासारखं."

अपर्णानं मुंबईच्या हृदयाच्या डॉक्टरांना एसटीडी फोन लावला. रक्त किती वेळात गोठतं ते तपासायला नमुना वापीला गेला. तीन दिवस चुरी जीव मुठीत आणि गाल रुमालात धरून बसले. रिपोर्ट ठीक आला. मग एकच दाढ, दोन टाके, आणि तासभर दातांखाली घट्ट कापूस. चूळ नाही, थुंकणं नाही, बोलणं तर नाहीच. दुसऱ्या दिवशीही ते गप्प होते आणि कचेरीचं काम दुप्पट वेगानं झालं, असं भगवंत शिपाई सांगतो.

टाके काढायच्या दिवशी चुरींनी जुना फॉर्म मागून घेतला. 'निरंक' लाल शाईनं खोडून गोळी, वेळ, झडप, इतकंच काय, तुरटीसुद्धा समासापर्यंत लिहिली. खाडाखोडीवर लघुस्वाक्षरी केली. मग अपर्णाला बजावलं,

"पोरी, फॉर्म घेताना नीट तपासत जा. लोक काहीही लिहितात."