मुकी शेळीवाली आणि आमचे गुरुजी

गुरुजी हे माझंच दुसरं नाव होतं, हे ग्रुपवर कुणालाही ठाऊक नव्हतं. जवळजवळ सहा महिने मी अडुसष्ट वर्षांचा निवृत्त शिक्षक म्हणून वावरले, आणि खरं सांगायचं तर मला त्या म्हाताऱ्याचा लळाच लागला होता.

सुरुवात एका खेळापासून झाली. परदेशातल्या कुणीतरी बनवलेला तो कंप्युटरवरचा खेळ मी तीन वेळा पुरा केला होता. त्यात एक शेळ्या राखणारी मुलगी असते. तिच्या मुलखातल्या विहिरी एकेक करून आटत चाललेल्या असतात, आणि का आटतात ते शोधायला ती कळप घेऊन गावोगाव फिरते. ती मुकी असते. पूर्ण खेळभर एक शब्द बोलत नाही, फार तर हातातली काठी जमिनीवर आपटते. मी चादरीच्या कारखान्यात कंप्युटरवर नक्षी काढायचं काम करते. दिवसभर मोर आणि वेलबुट्ट्या काढून डोळे शिणले, की संध्याकाळी त्या मुलीबरोबर माळावर हिंडायला जायचं, असा माझा नेम होता. लग्न झालेलं नाही, घरात आई आणि मी, त्यामुळे कुणी आडवं येत नव्हतं. आई तेवढी अधूनमधून विचारायची, की तुझ्या शेळ्या अजून घरी आल्या नाहीत का.

मग त्या खेळावर ॲनिमेशनची सिरीज आली. आठ भाग. पहिल्याच भागात मुकी मुलगी बोलायला लागली, आणि ती जी बोलायला लागली ती थांबेचना. शेळ्यांशी बोलते, विहिरीशी बोलते, वाटेत भेटेल त्याच्याशी बोलते. मी इतकी चिडले, की सिरीजच्या चाहत्यांचा एक मराठी ग्रुप शोधून त्यात शिरले आणि लांबलचक पोस्ट लिहिली. खेळात ती गप्प होती म्हणून आपण तिच्या आत शिरू शकत होतो, आता ती स्वतःच आत बसली आहे आणि आपल्याला बाहेर उंबऱ्यावर बसवलं आहे, असं काहीतरी लिहिलं. मला ते फार जमलं आहे असं वाटत होतं.

तीन उत्तरं आली. त्यातलं पहिलंच असं होतं, की ताई, तुम्ही गेम खेळलाय का, का नुसती सिरीज बघून बोलताय? विचारणारा ग्रुपमधला सगळ्यात मोठा जाणकार समजला जायचा. खेळातल्या प्रत्येक दगडाबद्दल त्याचं मत होतं. मी खेळ पुरा केल्याचे फोटो टाकले. त्यावर दुसऱ्या एकानं लिहिलं, की भावाच्या आयडीवरचे असतील. मला भाऊ नाही. ते मी लिहिलं नाही. मी फोन बाजूला ठेवला, चहा केला, आणि चहा पिता पिताच गुरुजींचा जन्म झाला.

गुरुजींच्या प्रोफाइलला मी कंदिलाचं चित्र लावलं. आठवडाभर ते नुसते वाचत राहिले, मग एक दिवस लिहिते झाले. लिहिलं काय, तर माझीच पोस्ट. सुरुवातीला फक्त 'बाळांनो' घातलं आणि दोन ठिकाणी 'तथापि' टाकलं. खाली नमस्कारांची रांग लागली. या वयात खेळ खेळता, गुरुजी, तुम्हाला दंडवत, असं लिहून लिहून लोक थकले. तो जाणकारही आला. गुरुजींनी नेमकं दुखणं पकडलं, म्हणाला. गुरुजींना कुणी विचारलं नाही, की गेम खेळलाय का.

मी तिथंच थांबायला हवं होतं, पण मला चटक लागली. शेळ्यांची शिंगं खेळात मागं वळलेली होती आणि सिरीजमध्ये सरळ आहेत, यावर ग्रुपमध्ये महिनाभर हाणामारी चालली होती. गुरुजींनी ती दोन ओळींत मिटवली. ज्यांनी मूळ इंग्रजी आवाज ऐकला आणि ज्यांनी हिंदी डबिंग ऐकलं, त्यांचे दोन तट पडले होते. गुरुजींनी दोघांनाही कान धरून बसवलं. हळूहळू लोक त्यांना सिरीज सोडून दुसरंही विचारायला लागले. एकानं मुलीचं नाव काय ठेवू म्हणून विचारलं. जाणकारावर माझा विशेष डोळा होता. गुरुजींनी त्याला सांगितलं, की तुमची मतं उत्तम, पण ऱ्हस्व-दीर्घाकडं लक्ष द्या. तो बिचारा प्रत्येक पोस्ट सुधारून पुन्हा टाकायला लागला. कधी कधी मी माझ्या खऱ्या नावानं मुद्दाम अडाणी प्रश्न विचारायची, आणि गुरुजी मला फार सांभाळून घेऊन उत्तर द्यायचे. बाकीचे लिहायचे, ताई, गुरुजींकडून शिका.

मग ग्रुपच्या ॲडमिनच्या डोक्यात सत्कार आला. त्याचं शुक्रवार पेठेत मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. गुरुजी सोलापूरचेच आहेत हे मीच कधीतरी फुशारकीत लिहून बसले होते. त्यानं जाहीर केलं, की रविवारी दुपारी दुकानाच्या वरच्या खोलीत सगळ्यांनी जमायचं आणि गुरुजींचा टॉवेल-टोपी देऊन मान करायचा. गुरुजींनी गुडघ्याचं कारण सांगितलं. त्यानं लिहिलं, गाडी पाठवतो. गुरुजींनी एकांतप्रियतेचं कारण सांगितलं. तेव्हा लोक घरीच यायला निघाले.

नेमके त्याच आठवड्यात मामा आमच्याकडं राहायला आले होते. मामा म्हणजे आईचे थोरले भाऊ, केम या गावी असतात. थोडं शेत, दहा-बारा शेळ्या, आणि तोंडात एकही दात नाही. कवळी बसवायला सोलापूरला चार फेऱ्या माराव्या लागणार होत्या, म्हणून मुक्कामालाच आले होते. दिसायला असे, की पांढरं धोतर नेसून नुसते बसले तरी समोरच्यानं पाढे म्हणायला सुरुवात करावी. शाळा त्यांनी चौथीत सोडली होती, पण ते कपाळावर लिहिलेलं नसतं.

मी त्यांना सगळं खरं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, की मामा-भाचीला दुसरा उद्योग नाही. मी मामांना सांगितलं, की बोलायचं काही नाही, नवे दात बसवलेत असं मी आधीच कळवते, तुम्ही टॉवेल घ्यायचा, टोपी घालायची आणि मी लिहून देते ती तीन वाक्यं वाचायची. मामांची एकच अट होती. ते म्हणाले, "ज्याच्यासाठी मान घ्यायचा, ते बघाय नको व्हय? लाव ती शिरेल."

शुक्रवार-शनिवार मी रजा घेतली. दोन दिवसांत मामांनी आठही भाग पाहिले, हिंदीतून. नुकतीच बसलेली कवळी जिभेनं ढकलत, पापणी न हलवता पाहत होते. मला वाटलं होतं, झोपतील. उलट मी मध्ये काही सांगायला लागले तर हातानंच गप्प बसवत होते. मुलगी शेवटच्या विहिरीत उतरते त्या भागाला त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. संपल्यावर त्यांना कसं वाटलं ते मी विचारलं नाही. तीन वाक्यांचा कागद हातात दिला. ही माझी मोठी चूक झाली.

रविवारी वरच्या खोलीत वीस-बावीस जण होते. माझ्या मनात जाणकार म्हणजे कुणी झुपकेदार मिशीवाला होता. निघाला एक बारीकसा, चष्मेवाला, अतिशय नम्र माणूस. तो मामांच्या पाया पडला तेव्हा मला थोडं वाईट वाटलं, पण फार नाही. मी स्वतःची ओळख गुरुजींना आणून सोडणारी भाची अशी करून दिली. ग्रुपमध्ये तुम्हीपण आहात ना ताई, असं कुणीतरी ओळखलं, आणि मला मागच्या खुर्चीवर जागा मिळाली. शेजारी कॉलेजातली एक मुलगी बसली होती. ती विणकरांच्या घरातली, मघाशी फोनवर आईशी तेलुगूत बोलत होती. ग्रुपमध्ये ती क्वचित लिहायची, पण सगळं वाचायची.

टॉवेल झाला, टोपी झाली, टाळ्या झाल्या. ॲडमिन म्हणाला, गुरुजींना त्रास होतोय, तरी दोन शब्द. मामा उठले. त्यांनी माझा कागद काढला, लांब धरून पाहिला आणि घडी करून परत खिशात ठेवला.

"मला शिरेल लई आवडली," ते म्हणाले. "पर दोन गोष्टी हायत. एक, त्यात शेळ्या पावसात उभ्या दावल्यात. शेळी पावसात उभी ऱ्हात न्हाय. पयला थेंब पडला की ती वळचण गाठती. शिंगाचं सोडा, हे कुणी बगितलं न्हाय का? दुसरं, ती पोरगी बोलती त्ये लई बेस केलं. एवढं चालली, एवढं सोसलं. तिनं बोलायचं न्हाय तर कुणी बोलायचं?"

खोलीत गडबड उडाली. अर्ध्या लोकांना गुरुजी असे का बोलताहेत ते कळेना आणि बाकीच्यांना ते काय बोलले ते कळेना. शेळ्यांबद्दल मात्र सगळे एकदम विचारात पडले. महिनाभर शिंगांवरून भांडलो, आणि पावसाचं कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. जाणकार अदबीनं उठला. त्यानं मोबाइलवर गुरुजींची जुनी पोस्ट काढली आणि वाचून दाखवली, बाळांनोपासून. म्हणाला, गुरुजी, आपणच लिहिलं होतं की तिनं गप्प राहायला हवं होतं.

मामांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. ते म्हणाले, की तेव्हा तसं वाटलं असेल, माणसाचं मत बदलतं.

इथं मी गप्प बसले असते तर सगळं निभावलं असतं. मामांनी गाडी व्यवस्थित रुळावर आणली होती. पण माझी पोस्ट, माझी सगळ्यात चांगली पोस्ट, माझ्या डोळ्यांदेखत मागं घेतली जात होती. मी उभी राहिले. गुरुजींचं तेव्हाचं म्हणणंच बरोबर होतं, असं सांगायला लागले. तिची शांतता म्हणजे आपल्याला शिरायला ठेवलेली जागा कशी होती, सिरीजनं आपल्याला उंबऱ्यावर कसं बसवलं, ती काठी आपटते तेव्हा एका शब्दाविना काय काय कळतं, हे सगळं मी हातवारे करत सांगितलं. पाच मिनिटं तरी बोलले असेन. शेवटच्या आवेशात 'तथापि'सुद्धा म्हणाले.

शेजारची मुलगी माझ्याकडं बघत होती. ती हळूच म्हणाली, "ताई, गुरुजी तुम्हीच आहात ना?"

ती हळू बोलली होती, पण खोली लहान होती. मी मामांकडं पाहिलं. ते मन लावून टॉवेलची घडी घालत होते.

"हो," मी म्हणाले. "मीच."

समोरचे दोघं तडक उठून गेले. जाणकाराचा चेहरा लाल झाला. तो म्हणाला, की ही सरळ फसवणूक आहे, आम्ही एवढा मान दिला. त्याच्या मनात ऱ्हस्व-दीर्घाचं असावं, पण ते तो बोलला नाही. मी म्हटलं, फसवणूक आहे हे कबूल, पण गुरुजींच्या आधी आठ दिवस मी माझ्या नावानं काय लिहिलं होतं ते एकदा काढून बघा. त्यानं काढलं नाही. त्या मुलीनंच काढलं. तिनं दोन्ही पोस्ट एकामागून एक मोठ्यानं वाचल्या आणि खालची उत्तरंही वाचली. तिचा आवाज बारीक होता, आणि ती काहीही मुद्दाम जोर देऊन वाचत नव्हती, त्यामुळे ते जास्तच वाईट वाटत होतं. 'भावाच्या आयडीवरचे असतील' हे वाक्य आलं, तेव्हा तिसऱ्या रांगेतल्या एकानं मान खाली घातली. तेवढ्यात ॲडमिनचा फोन वाजला आणि तो सुटल्यासारखा कन्नडमध्ये बोलत जिना उतरून गेला.

वर आला तो भजी आणि चहा घेऊन. टॉवेल परत घ्यायचा का, असं कुणीतरी विचारलं, तर तो म्हणाला, एकदा दिलेला मान परत घेत नाहीत, आणि शेळीचं त्यांनी खरंच सांगितलंय. मामांभोवती घोळका जमला. पावसात शेळ्या काय करतात, करड आईला कशावरून ओळखतं, कळपात पुढं कोण चालतं, असं लोक विचारत होते आणि मामा कवळी सावरत सांगत होते.

मी खिडकीशी एकटीच उभी होते. जाणकार चहाचा कप घेऊन आला. मग खालच्या आवाजात म्हणाला, की खेळात शेवटच्या विहिरीत दोर तुटतो, तर तुम्ही खाली उतरलात कशा? मी सांगितलं, की दोराला हात लावायचा नाही, डाव्या अंगाला कपारी आहेत, त्यात काठी खोवत उतरायचं. त्यानं मान डोलावली. म्हणजे खेळ त्यानं कधी पुरा केलाच नव्हता. हे मी तिथं कुणाला सांगितलं नाही. रिक्षात मात्र मामांना तीनदा सांगितलं.

रिक्षातच मी त्यांना विचारलं, की तिनं बोलायलाच हवं, हे तुम्ही मला ऐकवायला म्हणालात का. आपण हे नीट ओळखलं आहे असं मला वाटत होतं आणि जरा भरूनही आलं होतं. मामा बाहेर बघत म्हणाले, "तुझं काय मधीच? मी त्या शिरेलीतल्या पोरीचं बोललो."

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी ग्रुपचा निरोप घेतला. जाता जाता ॲडमिनच्या निरोपाच्या पोस्टमधल्या चार चुका दाखवून गेले. मामांना ग्रुपवर घ्यायचं सगळ्यांनी ठरवलं. त्यांना टाइप करता येत नाही, ते केमहून बोलून पाठवतात, आणि मागं शेळ्या ओरडत असतात. लोक त्याची वाट बघतात. माझ्या पोस्टना आता सात-आठ उत्तरं येतात, त्यातली निम्मी भांडणाची असतात. भांडायला तरी येतात.

गेल्या महिन्यात सिरीजच्या दुसऱ्या सीझनची झलक आली. जगभरच्या चाहत्यांनी इतकी ओरड केली होती, की बनवणाऱ्यांनी त्या मुलीचा आवाज काढून टाकला आहे. आख्ख्या झलकेत ती गप्प आहे. नुसती काठी आपटते. मला हवं होतं तसं अगदी झालं. मी ती तीनदा बघितली, आणि दर वेळी कान तिच्या तोंडाकडं लागला, की आता काही म्हणेल, आता म्हणेल. फोन वाजला. मामा होते. नमस्कार-चमत्कार काही नाही, सरळ विचारलं, की पोरीचं तोंड कुणी शिवलं. मी त्यांना सांगितलं, की थोडंफार मीच शिवलंय. मग ग्रुप उघडला आणि स्वतःच्या नावानं उलट्या बाजूनं लिहायला बसले. आई म्हणाली, जेवून घे आधी. मी म्हटलं, ताट झाकून ठेव.