तिसरा महिना सरायच्या आत

मैत्रिणींनो, आमच्याकडे तिसरा महिना सरेपर्यंत बातमी घराबाहेर सांगत नाहीत. तरी आज इथे लिहितेय.

सकाळी रत्नागिरीत तपासणीला गेले होते. सोनोग्राफी चांगली आली. मग डॉक्टर म्हणाल्या, "आणखी एक रक्ततपासणी आहे. बाळाच्या गुणसूत्रांत काही दोष असण्याची शक्यता किती, ते कळतं. खाजगी लॅबची आहे, महाग आहे, सक्ती नाही. सोमवारपर्यंत विचार करून सांगा."

विचार करायचा, पण कोणाबरोबर? नवरा जहाजावर आहे. त्याला मेसेज टाकला, त्यावर अजून एकच टिक. बहिणीला विचारावं, तर तिलाही अजून काही सांगितलेलं नाही.

घरी आले तेव्हा सासूबाई बिरड्याचे वाल सोलत होत्या. त्यांना तपासणीचं सांगितलं. मला वाटलं, खर्चाचं काढतील. त्या म्हणाल्या, "रिपोर्ट वाईट आला तर काय करायचं, ते आधी ठरव. आणि एकटीने नको ठरवू."

"पण आई, कोणाला सांगायचं नाही ना अजून?"

त्यांचे हात थांबले. "अगो, माझं पहिलं तिसऱ्या महिन्यातच गेलं. आहे म्हणून कोणाला सांगितलं नव्हतं, मग गेलं म्हणून कोणाला सांगू? तू विचार चार जणींना."

बहिणीला मघाशीच फोन केला. आता तुम्हाला विचारतेय. तुम्ही ही तपासणी केलीत, की नको म्हणालात? आणि ते ठरवताना तुमच्याजवळ कोण होतं?