टीचरची बरोबरची खूण

सांगते, पण आधी चहा संपवा. घोट घशात असताना ऐकलंत तर ठसका लागेल, आणि तेही माझ्याच माथी यायचं!

नेरुळला माझ्या हॉलमध्ये मी इंग्रजीची शिकवणी घेते. सहावीच्या मुलांना तुलना शिकवत होते. टॉल, टॉलर, टॉलेस्ट. पुस्तकातल्या त्या हत्ती-जिराफांचा मला भारी कंटाळा. म्हटलं, "घरातल्या माणसांवर वाक्यं लिहा." केवढी हुशारी! स्वतःवरच खूश होते मी.

सारसोळे गावातल्या मयुरीने लिहिलं, 'काकीज फिश करी इज टेस्टियर दॅन मम्मीज.' त्याखाली, 'काकी इज द बेस्ट कुक इन सारसोळे.' एकही चूक नाही! मी लाल पेनने दोन्हीपुढे बरोबरची खूण केली, 'करेक्ट! एक्सलंट!' लिहिलं, वर स्टार काढला. आणि माझ्या नियमाप्रमाणे वही आईच्या सहीसाठी घरी धाडली.

सही काही आली नाही. मयुरीच्या काकीने, दर्शनाने, त्या पानाचा फोटो मोबाइलच्या स्टेटसला ठेवला होता. वर लिहिलं होतं, 'टीचरनी करेक्ट दिलंय.' तासाभरात गावाला निकाल कळला.

मयुरीची आई वनिता ही थोरली जाऊ. दोघी बारा वर्षं एकाच ओट्यावर रांधत आलेल्या. त्या दिवसापासून वनिताने पातेल्याला हात लावला नाही. आठवड्यावर धाकट्या दिराची हळद, सगळं गाव जेवायला येणार, आणि ही म्हणते, "बेस्ट कुक हाय ना घरात? मंग मी चालले माहेरला."

हे मला मयुरीनेच सांगितलं. मग म्हणाली, "टीचर, मम्मी माझ्याशी बोलतच नाय."

अकरा वर्षांची पोर. मी सांगितलं तेच तिने लिहिलं, आणि शिक्षा ती भोगत होती.

संध्याकाळी तिचा हात धरून सारसोळ्याला गेले. वनिता भरलेली बॅग शेजारी ठेवून ओटीवर बसलेली, दर्शना दारात उभी. मी घसा खाकरून समजावलं, "अहो, ती खूण वाक्याला आहे. चवीला नाही."

"मंग एक्सलंट कशाला लिवलं? स्टार कशापायी?" वनिता म्हणाली.

"टीचर शिकलेल्या हायत," दर्शना दारातून बोलली. "त्या उगाच लिवतील?"

"तू थांब गो! टीचर, माझं कालवन कधी खाल्लंत?"

"नाही."

"आनि हिचं?"

"नाही."

"मंग कुनाचं खाल्लंत?"

चोरी पकडली गेली होती. "कुणाचंच नाही," मी म्हटलं. "मी जन्मात मासा खाल्लेला नाही. आमच्या घरी अंडंसुद्धा येत नाही."

मयुरी आ वासून माझ्याकडे बघत राहिली. मग त्या दोघी जावांनी एकमेकींकडे पाहिलं, चार दिवसांत पहिल्यांदा.

"ताई," दर्शना म्हणाली, "ही बाई मासाच खात नाय!"

"आनि निकाल देते!" वनिताला हसू फुटलं. हसता हसता डोळ्यांना पदर लावला आणि तिने मयुरीला कुशीत ओढलं. "ये गो बाय." मी आपली गुन्हेगारासारखी उभी होते, पण जीव भांड्यात पडला.

हळदीचं जेवण दोघींनी मिळून केलं. मला वेगळा वरण-भात वाढला, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला माझी ओळख करून दिली. कशी, ते विचारू नका.

पुढच्या आठवड्यात मयुरीची वही आली. नवं वाक्य होतं, 'माय टीचर इज द वर्स्ट जज ऑफ फिश करी इन सारसोळे.' खाली आईची सही, आणि शेजारी काकीचीही.

मी वाक्य तपासलं. या वेळी खरंखोटंही तपासलं. मग मुकाट्याने बरोबरची खूण केली आणि स्टार दिला.