आईकडून की बापाकडून

आमच्या आत्याला शाळेत मुली ‘ज्यू’ म्हणून बाकावर शेजारी बसू देत नसत. आणि ती लग्नाच्या वयात आली तेव्हा सिनेगॉगच्या धर्मगुरूंनी तिला ‘तू ज्यू नाहीस’ असं सांगून परत पाठवलं. दोन्ही वेळा तिचं स्वतःचं म्हणणं काय, हे कोणी विचारलं नाही.

कारण साधं होतं. माझे आजोबा ज्यू, आजी ज्यू नव्हती. धर्मगुरू मूल आईकडून मोजत आणि शाळेतल्या मुली बापाच्या आडनावावरून. माझ्या बाबांनी, म्हणजे आत्याच्या धाकट्या भावानं, या भानगडीतून लवकर अंग काढून घेतलं. कोणी विषय काढला की ते म्हणायचे, “आपण काही नाही. जेवायला बसा.” आत्याला ते जमलं नाही. घड्याळं दुरुस्त करणाऱ्याच्या मुलाशी तिचं जमलं होतं. त्याच्या घरचे धार्मिक. धर्मगुरू म्हणाले, वर्षभर शिक, परीक्षा दे, विधीचं स्नान कर, मग बघू. आत्या म्हणाली, “ज्या गोष्टीसाठी लहानपणी मार खाल्ला, ती व्हायला आता परीक्षा देऊ?” धर्मगुरूंना हे उद्धट वाटलं. त्या मुलालाही वाटलं असावं, कारण तो पुन्हा घरी आला नाही. आत्यानं मग लग्नच केलं नाही. घरात तिला लाडानं ‘अर्धी’ म्हणत. ती हसायची. मी मोठी झाल्यावर एकदा मात्र मला म्हणाली, “लाडानं म्हटलं तरी अर्धीच ना गं.”

नोकरी तिनं कितीतरी वर्षं एकाच ठिकाणी केली. फरशांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर एका प्रकाशनाची कचेरी होती. तिथे चरित्रकोश तयार व्हायचा: नट, खेळाडू, मंत्री, वैज्ञानिक, कोण कधी जन्मला, कुठे शिकला, काय केलं. खाली दिवसभर फरशा कापायचं यंत्र चालायचं, त्यामुळे वर सगळे ओरडून बोलायचे, आणि आत्याला घरीही हळू बोलता येत नसे. तिचं काम तपासणीचं. मंत्र्यानं स्वतःचं वय कमी सांगितलं तर ती शाळेत फोन लावून खरं काढायची. जुने मालक तिच्यावर खूश होते. ते गेल्यावर धंदा त्यांच्या जावयाकडे आला. कचेरीत सगळे त्याला पाठीमागे ‘जावईबापू’ म्हणत.

जावईबापूंनी कोश इंटरनेटवर टाकला. थोड्याच दिवसांत त्यांना कळलं, की लोक सगळ्यात जास्त काय शोधतात. अमका ज्यू आहे का? तमकी ज्यू आहे का? त्यांनी आत्याला बोलावलं.

“समाजाप्रमाणे पानं करू या. ज्यूंचं पान तुम्ही करा. तुमच्याइतकं कोणाला कळणार?”

“मला काय कळणार? त्यांच्या हिशेबात मी नाहीच.”

“अहो, आमच्या हिशेबात आहात ना!” जावईबापू हसून म्हणाले. त्यांना वाटलं, आपण काहीतरी चांगलं बोललो.

ती नाही म्हणू शकली असती. बाबांनी तिला तेच सांगितलं, “हात झटक आणि मोकळी हो.” पण ती म्हणाली, “मी नाही केलं तर दुसरं कोणीतरी करणार, आणि नाकं बघून करणार.” ते अगदीच खोटं नव्हतं. पहिल्याच आठवड्यात जावईबापूंनी एका गायकाचा फोटो तिच्यासमोर धरला आणि म्हणाले, “चेहऱ्यावरून तर पक्का वाटतो.” आत्या म्हणाली, “चेहऱ्यावरून कोश लिहायचा असेल तर मला कशाला पगार देता? एक सुतार ठेवा, माप घेईल.”

मग तिनं आपला नियम केला. आई कोण, बाप कोण, आजा कोण, ते काही नाही. माणसानं स्वतः चारचौघांत सांगितलं असेल, तरच तो त्या पानावर. जे हयात होते त्यांना ती फोन करायची. एक विनोदी नट म्हणाला, “आईचा फोन आला की असतो, बाकी वेळ सुट्टी.” आत्या म्हणाली, “मग लिहू की नको?” तो म्हणाला, “नको. माझी मुलं शाळेत जातात.” एका बाईंनी रागानं फोन आपटला. एका म्हाताऱ्या चित्रकारानं मात्र सांगितलं, “मोठ्या अक्षरांत लिहा.” त्या दिवशी आत्या घरी आली ती खुशीतच. मला म्हणाली, “बघ, विचारलं की माणसं उत्तर देतात. आजवर कोणी विचारलंच नव्हतं.” पानाच्या तळाशी जावईबापूंनी तिचं नाव घातलं, संकलक म्हणून. तिला ते आवडलं. आवडलं, हे मी मुद्दाम सांगते, कारण नंतर ते तिच्या मनातून गेलं नाही.

मग शहराच्या कडेला एक नवी इमारत कोसळली. राहायला आलेल्या कुटुंबांपैकी कितीतरी माणसं त्या ढिगाऱ्याखाली गेली. बिल्डर मोठा माणूस, कोशात त्याच्यावर नोंद होती. आठ दिवसांत कुणीतरी खोदून काढलं, की त्याचे आजोबा ज्यू होते. त्याच्या बापाचा बाप्तिस्मा झालेला, त्याचा स्वतःचाही झालेला, चर्चला नवीन छप्पर त्यानं घालून दिलेलं. पण कचेरीत पत्रांवर पत्रं यायला लागली. याचं नाव त्या पानावर का नाही? कोणाला वाचवताय?

त्याच सुमारास दुसऱ्या नावावरून पत्रं येत होती. ते नाव लहान मुलांच्या डॉक्टरीणबाईंचं. निम्म्या शहराला लहानपणी त्यांनी तपासलेलं. त्यांचे आईवडील दोघंही ज्यू. ज्यूंच्या धरपकडीच्या काळात या चिमुरडीला एका अनाथाश्रमात लपवलं होतं आणि तिथे तिचा बाप्तिस्मा झाला होता. मोठेपणी त्यांनी प्रत्येक मुलाखतीत सांगितलं, मी ज्यू आहे. आत्यानं त्यांना पानावर घेतलं होतं. लोकांचं म्हणणं, बाप्तिस्मा झालाय ना? मग ती आपली. तिला त्यांच्यात कशाला ढकलता?

जावईबापूंनी एका दुपारी दोन्ही कामं उरकली. बिल्डर आत, डॉक्टरीणबाई बाहेर.

आत्या त्यांच्या खोलीत गेली. “एकाचा बाप्तिस्मा धरला आणि एकाचा नाही धरला. हा कुठला नियम?”

“लोकांना जे वाटतं ते.”

“मग माझं नाव काढा खालून.”

“काढू की. पण पान तुम्हीच केलंत, हे सगळ्यांना माहीत आहे. आणि मला सांगा, खोटं काय आहे त्यात? त्याचे आजोबा होते की नव्हते ज्यू?”

बिल्डरचे आजोबा ज्यू होतेच.

ती तडक डॉक्टरीणबाईंकडे गेली, माफी मागायला. मी तिच्यासोबत होते. बाई खूप थकल्या होत्या, खिडकीशी बसून संत्रं सोलत होत्या. आत्यानं सगळं सांगितलं. त्यांनी फोडी आमच्यापुढे ठेवल्या आणि म्हणाल्या, “माझं नाव धरपकडीच्या यादीतून निघावं म्हणून वडिलांनी घर विकलं होतं. तेव्हा निघालं नाही. तुम्ही फुकटात काढलंत.”

आत्या रडायला लागली. बाईंनी तिची समजूत घातली नाही. म्हणाल्या, “घालताना तुम्ही मला विचारलं होतं, ते खरं. पण एक सांगा, यादी कशासाठी हवी होती?”

“मी नाही केली तर...”

“हो, ते तेव्हा ती यादी करणारा कारकूनही म्हणायचा. सभ्य माणूस होता. अक्षर सुरेख होतं त्याचं.”

आत्याला घरी पोचवून मी निघाले तेव्हा ती दारातच उभी होती, हातात चप्पल तशीच धरून.

बिल्डरच्या बंगल्याला उंच भिंत होती आणि फाटकावर पहारा. तिथे कोणाचं काही चालणार नव्हतं. म्हणून एका रविवारी सकाळी माणसं ज्यू समाजाच्या वृद्धाश्रमावर गेली. हातात त्या पानाचे छापलेले कागद होते, बिल्डरच्या नावाला लाल वर्तुळ केलेलं. सगळ्या खिडक्या फोडल्या. एक आजोबा नाश्त्याच्या टेबलाशी बसले होते, त्यांचा डोळा गेला. त्यांचा बिल्डरशी काय संबंध? काही नाही. ते आयुष्यभर ट्राम चालवत होते.

आत्या दुसऱ्या दिवशी झाडू घेऊन तिथे गेली. अंगणात काचा गोळा करायचं काम चाललं होतं. आश्रमाच्या सेक्रेटरींनी तिला ओळखलं. तिच्याच वयाचे गृहस्थ, एकेकाळी एकाच गल्लीत राहिलेले.

“तू कशाला आलीस?”

“झाडायला.”

“ते पान तूच केलंस ना?”

“त्यात बिल्डरचं नाव मी नव्हतं घातलं.”

“बाकीची घातलीस ना?” ते म्हणाले. आवाज चढवला नव्हता त्यांनी. “तू आमच्यातली असतीस तर तुझा हातच धजला नसता. जा घरी.”

ती झाडू घेऊन परत आली. त्या आठवड्यात तिच्याही दारावर कोणीतरी काळ्या रंगानं ‘ज्यू’ असं लिहून गेलं. बाबा रॉकेल आणि चिंध्या घेऊन पुसायला गेले. आत्या म्हणाली, “राहू दे. निदान यांनी तरी पूर्ण धरलं.” बाबांनी ऐकलं नाही, दार घासून काढलं. रंगाबरोबर वॉर्निशही निघालं.

तिनं नोकरी सोडली. पान काढून टाकावं म्हणून वकील गाठले. एकानं सगळं वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाला, “बाई, यात एकही गोष्ट चुकीची सापडत नाही. दावा कशाचा लावायचा?” अर्थातच सापडत नव्हती. प्रत्येक ओळ तिनंच तपासलेली होती. चित्रकाराला तिनं पत्र लिहून सगळं कळवलं. त्याचं उत्तर आलं नाही. तो गेला होता, की त्याला लिहावंसं वाटलं नाही, हे तिनं शोधून काढलं नाही. तिच्यासारखीनं ते शोधू नये, याचंच मला नवल वाटलं.

बिल्डरचा खटला अजून लोंबकळतोय. जावईबापूंनी कोश एका मोठ्या कंपनीला विकला आणि त्या पानावर आता पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त नावं आहेत.

आत्या उरलेली वर्षं महापालिकेच्या तरणतलावावर तिकिटं फाडत होती. तिथे काम करणाऱ्या बायकांना तिनं आपल्याबद्दल काहीच सांगितलं नव्हतं. त्यांना ती नुसती मोठ्यानं बोलणारी बाई म्हणून माहीत होती. मी कधी भेटायला गेले तर ती क्लोरिनच्या वासात, ओल्या फरशीवरून पाय वर घेऊन खुर्चीत बसलेली असायची. विषय काढला की म्हणायची, “माझं काय चुकलं ते मला कळतं. पण काय करायला हवं होतं, ते अजून कळत नाही.”

डॉक्टरीणबाई गेल्या तेव्हा सगळ्यांनीच त्यांना आपलं म्हटलं. चर्चमध्ये प्रार्थना झाली, सिनेगॉगमध्येही झाली. त्या ज्यूंच्या पानावर पुन्हा आल्या, त्याच दिवशी. मी आत्याला ते मोबाइलवर दाखवलं. तिनं चष्मा लावून सावकाश वाचलं.

“गावाचं नाव चुकवलंय,” ती म्हणाली. “जन्म तिथला नाही. तिथे फक्त लपवलं होतं.”

आणि मी नको नको म्हणत असताना तिनं खाली दिलेला नंबर लावला, बरोबर गाव सांगितलं, त्याचं स्पेलिंगही सांगितलं. पलीकडून कोणीतरी आभार मानून तिचं नाव विचारलं असावं. “नाव राहू द्या,” असं म्हणून तिनं फोन ठेवला.

सकाळपर्यंत दुरुस्ती झाली होती. मी ती आत्याला दाखवली. मला वाटलं तिला बरं वाटेल. तिनं मोबाइल माझ्या हातात परत दिला, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी तिला अत्यंत घाणेरडी शिवी देताना ऐकलं. कोणाला, ते तिनं सांगितलं नाही.